निर्भेळ बियाणं

पाठीला फवारणीचा पंप बांधून कॉलेजात येणारे प्राध्यापक मी आयुष्यात एकच पाहिले. लूनावर बसलेले, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात गमबूट आणि पाठीवर निळा पंप. तो पंप ते स्टाफरूमच्या व्हरांड्यात छत्र्यांशेजारी उभा करत, कोपरापर्यंत हात साबणाने धूत आणि सरळ वर्गावर जात. वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मी रसायनशास्त्रात नुकतीच लागले होते. नव्वदनंतरची पहिली काही वर्षं असतील. एक दिवस ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, ग्लायफोसेट मातीत किती दिवस टिकतं?"

मी म्हटलं, "पुस्तकात बघून सांगते, सर."

"पुस्तकात मी बघितलंय. ते कुठल्या तरी थंड देशातल्या मातीचं लिहिलंय. आपल्या मुरमात किती टिकतं?"

मग आम्ही दोघांनी कुंड्यांमध्ये मुरूम भरून, त्यावर ते तणनाशक मारून, मेथी पेरून पाहिली. मेथी उगवली तेव्हा त्यांनी मला चहा पाजला. आमची ओळख अशी झाली, आणि ती ते जाईपर्यंत टिकली.

सर रानफुलांची शेती करत. गंगापूर धरणाच्या बाजूला त्यांच्या वडिलांकडून आलेला जमिनीचा एक तुकडा होता. चहूबाजूंनी द्राक्षबागा आणि मधे सरांचे वाफे. वाफ्यांत तेरडा, सोनकी, कवळा, आभाळी. पावसाळ्यात घाटमाथ्यावर आपोआप उगवतात ती फुलं. ती विकायची नव्हती, कुणाला दाखवायचीही नव्हती. त्यांना हवं होतं बी.

त्र्यंबकच्या वाटेवर एक पठार आहे. सर विद्यार्थी होते तेव्हापासून तिथे जात. त्या पठाराची एक बाजू खडीच्या खाणीने खाल्ली होती. जिथे भाद्रपदात पाय ठेवायला जागा नसायची, तिथे करडा उघडा दगड आणि भुगा. सर म्हणायचे, "खाण कधीतरी थांबेल. त्या दिवशी मूठभर बी कुणाकडे तरी तयार पाहिजे. बाजारात झेंडूचं बी मिळतं, झिनियाचं मिळतं. सोनकीचं मागून बघा."

मी खरंच द्वारका चौकाजवळच्या एका बियाण्यांच्या दुकानात मागून पाहिलं होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, ते तण आहे. त्याचं बी कोण विकत घेईल? ते मारायचं औषध देऊ का?"

हे सरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. त्यांना 'औषध' हा शब्द खटकला. आमच्याकडे सगळे शेतकरी फवारणीच्या कुठल्याही डब्याला औषधच म्हणतात. सर कधीच म्हणत नसत. "विष म्हणा, मॅडम. औषध म्हटलं की हात सैल सुटतो." शेजारच्या बागेचे मालक, ज्यांना सगळे आप्पा म्हणायचे, ते बांधावरून विचारायचे, "काय सर, आज औषध का?" सर पंप खाली ठेवून, त्यांच्याकडे वळून शांतपणे सांगायचे, "नाही आप्पा. विष." आप्पा दरवेळी गडबडायचे आणि दरवेळी पुन्हा तेच विचारायचे.

विष कशाला, हा प्रश्न त्यांना सगळ्यांनी विचारला. मीही विचारला. बायका लावून खुरपून घ्या की. त्यांनी तेही केलं होतं. पहिल्या वर्षी आलेल्या बायकांनी दोन वाफे इतके स्वच्छ केले की त्यात काहीच उरलं नाही. त्यांची चूक नव्हती. सोनकीचं रोप आणि तणाचं रोप बोटभर असताना सारखंच दिसतं. सर स्वतः भिंग लावून बसत तेव्हा कुठे ओळखू येई. शिवाय खुरपं लावलं की माती हलते, आणि खाली वर्षानुवर्षं पडून असलेलं तणाचं बी वर येऊन उगवतं. म्हणून त्यांनी रीत बसवली होती. पेरणीच्या आधी वाफ्यांना नुसतं पाणी द्यायचं. तण येऊ द्यायचं. ते हिरवंगार झालं की त्यावर ग्लायफोसेट मारायचं, आणि मग माती अजिबात न हलवता वरच्या वर बी विखरायचं. पुढे वाफ्यात गवत आलं तर फक्त गवतच मारणारं एक द्रावण असे, ते फवारायचं. त्यातूनही जे रुंद पानांचं तण उरे, त्याला हाताने एकेक ठिपका द्यायचा. त्यासाठी त्यांनी स्वतःचा दाढीचा ब्रश घेतला होता. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, नवीन आणून दिला, तोही शेतात गेला. शेवटी सरांनी दाढी वाढवली.

फवारणी पहाटे, वारा पडलेला असताना. वारा आहे की नाही हे बघायला ते वाफ्याच्या कडेला उदबत्ती लावत. धूर सरळ वर गेला तर पंप उचलायचा, जरा कलला तर त्या दिवशी फवारणी नाही. आप्पांची बरेच दिवस समजूत होती की सर तणाची पूजा करतात. एका वर्षी आप्पांच्या द्राक्षवेलींची पानं आखडली, तेव्हा ते तावातावाने आले. "सर, तुमच्या फवाऱ्यानं माझी बाग चालली."

सरांनी त्यांना आखडलेलं पान हातात धरून दाखवलं. "हे टू-फोर-डीचं आहे, आप्पा. कुणीतरी गव्हावर मारलंय. मी ते शेतात आणतच नाही. माझी फुलंपण त्याने मरतात." मग त्यांना पहाटे बोलावून उदबत्ती दाखवली. आप्पा धुराकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं तर आम्ही सोताच्या बागंसाठीबी करत नाय." त्या दिवसापासून आप्पा सरांची बाजू घ्यायला लागले. सर हे सगळं कशासाठी करतात ते मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

शेताच्या फाटकाशी चपलांची एक रांग असे. बाहेरची चप्पल बाहेर, आतली आत. पॅंटच्या दुमडी उलगडून झटकायच्या, साडीच्या काठाला हात फिरवायचा. सगळी भीती गाजरगवताची. ते सगळीकडे होतं, कॉलेजच्या मैदानावर, पंचवटीत नदीच्या कडेला, सातपूरच्या कारखान्यांच्या कुंपणांना. रस्त्याने जाताना कुठे ते फुलावर आलेलं दिसलं की सर लूना थांबवून उपटत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत. ते म्हणत, "या बियात एक दाणा जरी त्याचा गेला, तर मी पठारावर फुलं नाही, रोग नेतोय." बी तयार झालं की त्यांच्या घरी दिवाणखान्यात पांढरी चादर अंथरली जाई. वहिनी चाळत, मी निवडत असे आणि सर भिंगाखाली चिमूट चिमूट तपासत. तेव्हा पंखा बंद. कोणी शिंकलं तरी सर वर बघत.

शहरातल्या निसर्गप्रेमी मंडळींनी त्यांना एकदा व्याख्यानाला बोलावलं होतं. गंगापूर रोडवरचा एक हॉल. सरांनी पडद्यावर फुलं दाखवली. लोक हळहळले, वा वा म्हणाले. मग त्यांनी पुढची स्लाइड लावली. एक अख्खा वाफा, जळून तपकिरी झालेला.

"हे मी केलं," सर म्हणाले. "पेरणीच्या आधी असं करावं लागतं."

पुढच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. "म्हणजे तुम्ही तणनाशक वापरता?"

"हो."

"आणि तरी स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवता?"

"मी कधीच म्हणवलेलं नाही. मी बी तयार करतो."

हे त्यांनी उद्धटपणे म्हटलं नव्हतं, पण तसं ऐकू गेलं असणार. अर्धे लोक उठले. आयोजकांनी आभार मानले तेही सरांचं नाव न घेता. बाहेर आल्यावर सर बराच वेळ लूनाची किल्ली शोधत राहिले. किल्ली त्यांच्या हातातच होती. "शेतकऱ्यांना वाटतं मी तण पाळतो," ते म्हणाले. "यांना वाटतं मी झाडं मारतो. दोघांचंही बरोबर आहे, मॅडम." त्यानंतर त्यांना कुणी कुठे बोलावलं नाही, आणि त्यांनीही कुणाला शेतावर नेलं नाही. वहिनी, मी, आणि बांधापलीकडचे आप्पा. एवढीच माणसं.

खाण थांबली. परवाना संपला म्हणून असेल किंवा दगड संपला म्हणून. ट्रक यायचे बंद झाले. सरांनी दोन पावसाळे वाट पाहिली, कुणी परत येत नाही ना याची. मग एका मे महिन्यात आम्ही तिघं बी घेऊन पठारावर गेलो. खाणीच्या कडेला जिथे थोडी माती साचली होती तिथे सरांनी ती हाताने भुसभुशीत केली आणि बी विखुरलं. वहिनींनी डब्यातून पुऱ्या आणल्या होत्या, त्या खाल्ल्या आणि उतरलो.

त्या वर्षी भाद्रपदात आम्ही वर गेलो तेव्हा खाणीच्या कडेला तेरड्याचा गुलाबी पट्टा होता. मधे मधे सोनकी. फार मोठा नव्हता, आपल्या अंगणाएवढा. सर त्याच्या कडेला बसले. पाऊस भुरभुरत होता आणि त्यांनी छत्री उघडली नाही. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "आमच्या लग्नातसुद्धा हे एवढे खूश नव्हते." मी सरांना इतक्या वर्षांत आनंदात पाहिलं ते त्या दिवशी. नंतर कधीच पाहिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याच पट्ट्यात गाजरगवत आलं.

ते मला आधी दिसलं नाही. सरांना दिसलं. तेरड्याच्या मधोमध त्याची ती गाजरासारखी पानं आणि टोकाला मीठ सांडल्यासारखी पांढरी फुलं. एक झाड नव्हतं. पुष्कळ होती. काहींचं बी गळूनही गेलं होतं, म्हणजे आम्ही यायच्या आधीच पुढच्या वर्षाची पेरणी झाली होती.

"माझं आहे हे," सर म्हणाले.

"असं कसं म्हणता?" वहिनी म्हणाल्या. "खाणीचे ट्रक यायचे. गुरं येतात. वाऱ्यानेपण येतं की."

"ट्रकच्या रस्त्याला बघून या. गुरांच्या वाटेवर बघून या."

मी बघून आले. तिथे नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही इथली माती मोकळी केली होती. वाऱ्याने आलेलं बीसुद्धा मोकळ्या मातीतच रुजणार. म्हणून इथे दिसतंय."

त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. "शक्य आहे," ते म्हणाले. "पण मग माती मोकळी कुणी केली?"

ते बी कुठून आलं ते आजही मला माहीत नाही. आम्ही तिघांनी किती निगुतीने निवडलं होतं ते मला ठाऊक आहे. पण काळा, टाचणीच्या डोक्याहून बारीक दाणा. कुणी शपथ घ्यावी.

पठारावर विष मारणं त्यांनी कधीच मान्य केलं नसतं. त्या दगडांवरच्या डबक्यांत आणि भेगांत आणखी कितीतरी नाजूक गोष्टी उगवतात, आणि पावसात फवारा कुठे वाहत जाईल सांगता येत नाही. म्हणून सर हाताने उपटू लागले. दर रविवारी, पावसाळा संपेपर्यंत. पुढच्या वर्षी गवत दुप्पट जागेत होतं. त्याच्या पुढच्या वर्षी ते पट्ट्याच्या बाहेर, पठाराच्या चांगल्या बाजूला सरकलं, जिथे खाणसुद्धा पोचली नव्हती.

आणि सरांचं अंग उठलं. गाजरगवताची काही माणसांना बाधा होते. आधी हातांवर चट्टे, मग मान, मग चेहरा. पापण्या सुजून डोळे मिटायचे. धाप लागायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की त्या गवताच्या जवळ जायचं नाही. सर हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून जात राहिले. वर्गात शिकवताना ते खिडकीकडे पाठ करून उभे राहत, कारण उजेडाने चेहरा जळायचा. मुलांना वाटे की सर रागावलेत. एकदा वहिनी स्टाफरूममध्ये आल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "तुमचं ऐकतात ते. त्यांना सांगा, फुलं मेली तर मरू देत." मी सांगितलं. सर म्हणाले, "फुलं मेली तर मी समजू शकतो. मी मारली हे कसं समजू?"

मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, उद्या पहाटे शेतावर येता का? वारा बघायला कुणीतरी पाहिजे. मला नीट दिसत नाहीये."

मी गेले. वहिनी फाटकाशी रिक्षातच बसून होत्या, आत आल्या नाहीत. शेत भर फुलावर होतं. इतकं दाट मी ते कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर वाफ्यांत तणाचं एक पान दिसत नव्हतं. सर पंपात पाणी भरत होते.

"सर, यात गवत कुठाय?" मी विचारलं.

"दिसत नाहीये," ते म्हणाले. "तेव्हाही दिसलं नव्हतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते काय करणार आहेत. या शेतातलं बी आता कुठेही न्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, आणि ते गळून राहूही द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मी वाद घातला. म्हटलं, अजून काही सिद्ध झालेलं नाही. म्हटलं, एखादा वाफा ठेवा. म्हटलं, मला द्या, मी घरच्या कुंडीत लावते. ते सुजलेल्या डोळ्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले.

"उदबत्ती लावा," ते म्हणाले.

मी लावली. धूर सरळ वर गेला. तो कलावा म्हणून मी खूप वाट पाहिली, पण वारा अगदी पडलेला होता. मी तसं सांगितलं. त्यांनी पंप पाठीवर घेतला आणि पहिल्या वाफ्यापासून सुरुवात केली. घाई केली नाही. एकही कोपरा सोडला नाही. नेहमी करत तसं दांडा खाली धरून, थेंब बाहेर उडू न देता. आप्पा बांधावर आले होते. त्यांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले, जसं मयताच्या दारात उभं राहावं तसे.

ग्लायफोसेट लगेच मारत नाही. चार-आठ दिवस झाड हिरवंच दिसतं, मग पिवळं पडतं, मग मान टाकतं. ते सगळे दिवस सर शेतावर जात राहिले. खुर्ची टाकून बसत. वहिनी चिडल्या. "आता काय बघायला जाता?" ते म्हणाले, "विष मी घातलंय तर मला बघायला नको?" मरता मरता तेरड्याची बोंडं पिकत होती. हात न लावताच फुटत होती आणि बी चहूकडे उडत होतं. सर गुडघ्यांवर बसून ते वेचायचा प्रयत्न करत. मग त्यांनी तेही सोडलं.

निवृत्तीनंतर शेत विकलं. आप्पांनीच घेतलं आणि तिथे द्राक्षं लावली. सर आणि वहिनी कॉलेज रोडच्या एका फ्लॅटमध्ये राहायला आले. बाल्कनीत एक कुंडीसुद्धा नव्हती. पठारावर मी एकदा एकटी गेले. वरून खालपर्यंत गाजरगवताने पांढरं झालं होतं. परत येऊन सरांना मी काही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांच्यात आता विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. टीव्हीसमोर बसत आणि त्यावर काय चाललंय ते त्यांना सांगता येत नसे.

त्यांच्या शेवटच्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे बसले असताना आप्पा आले. द्राक्षांची पेटी घेऊन आले होते. तब्येतीची चौकशी झाली, चहा झाला. आप्पा चहाच्या रिकाम्या कपाशी चाळा करत बसले होते. मग म्हणाले, "सर, एक इचारायचं व्हतं. तुमी रागवू नका."

"विचारा."

"तो गुलाबी तेरडा. दरसाल पावसाळ्यात वेलींच्या मधून येतोय. खुरपून दमलो. बायांना लय मजुरी जाती. त्याला काय मारू?"

वहिनी उठून आत गेल्या. सरांनी टीव्हीवरून नजर काढली. पुष्कळ दिवसांनी त्यांचा वर्गातला आवाज ऐकू आला.

"ग्लायफोसेटच मारा. वारा नसताना, नॉझलला टोपी लावून. वेलीच्या खोडाला थेंब लागू देऊ नका. टू-फोर-डीच्या वाटेला चुकूनही जाऊ नका, बाग जाईल."

"आणि कवा मारू?"

"फुलावर यायच्या आधी. एकदा बोंडं धरली की ते आवरत नाही."

आप्पांनी मान हलवली. "म्हंजे यंदा मारलं का संपलं?"

सरांनी पेटीतलं एक द्राक्ष उचलून हातात धरलं.

"नाही," ते म्हणाले. "पुष्कळ वर्षं येत राहील. बी फार चांगलं होतं, आप्पा."